अ‍ॅडलॅब्ज ते इमॅजिका : जाहिरातपटांच्या एका व्यवसायाची खालापूरपर्यंतची वाट

खालापूर तालुक्याच्या आधुनिक इतिहासात मुंबईच्या गरजा आधी येतात आणि तालुक्याच्या गरजा मागाहून. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत रेल्वे १८५६ मध्ये आली, ती खोपोलीच्या रहिवाशांसाठी नव्हे. घाट चढून दख्खनचा कापूस खाली आणावयाचा होता. घाटातील मार्ग १८६३ मध्ये पुरा झाला तेव्हा मुख्य रूळ कर्जतवरून वर गेले आणि खोपोली एका फाट्याचे टोक होऊन राहिली. पुढे १९१५ मध्ये लोणावळ्याच्या तलावांतील पाणी नळांवाटे खाली सोडून टाटांनी खोपोलीस वीज निर्माण केली, तीही मुंबईच्या कापडगिरण्यांकरिता. एकविसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या आणखी एका धंद्यास या तालुक्याची गरज भासली. हा धंदा हलत्या चित्रांचा होता. त्यास येथील पाणी नको होते, घाट नको होता. हवी होती ती सलग, मोकळी आणि मुंबई-पुण्याच्या मध्यावरची जमीन.

ही गरज का उत्पन्न झाली, हे समजण्यास एका उद्योजकाची कारकीर्द विशेष उपयोगी पडते. मनमोहन शेट्टी यांनी मुंबईस जाहिरातपट धुण्याची रसायनशाळा काढली, चित्रपटांची निर्मिती केली, चित्रपटगृहे उभारली आणि अखेरीस खालापूर तालुक्यात खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडी येथे ‘इमॅजिका’ हे मनोरंजन उद्यान वसविले. शेट्टी मूळचे कर्नाटकाच्या किनारपट्टीचे. तथापि त्यांची सारी व्यावसायिक हयात महाराष्ट्रात गेली, आणि तिचा शेवटचा मोठा अध्याय तर रायगड जिल्ह्याच्या मातीतच लिहिला गेला.

आरंभ नावापासून करणे सोयीचे आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेट्टी यांनी वसनजी ममानिया यांच्यासह जी संस्था काढली, तिचे नाव ‘अ‍ॅडलॅब्ज’. नाव पारदर्शक आहे : जाहिरातीची प्रयोगशाळा. व्यापारी नावे सहसा संस्थापकाचे, कुलदैवताचे किंवा गावाचे स्मरण करतात. येथे धंदाच नाव झाला आहे. मराठीत ज्यास आपण ‘जाहिरात’ म्हणतो तो शब्द अरबी ‘जाहिर’ म्हणजे प्रकट, उघड यापासून आलेला, आणि राज्यकारभाराच्या भाषेतून बाजारात उतरलेला. हिंदीने त्याच अर्थी संस्कृतातील ‘विज्ञापन’ घेतला. मराठीने दवंडी आणि जाहीरनामा यांच्या कुळातील शब्द कायम ठेवला. एक गोष्ट अनेकांस एकाच वेळी उघड करून सांगणे, हा त्यातील मूळ भाव होय. तो भाव पुढे कसा पालटला ते यथावकाश येईल.

अ‍ॅडलॅब्जचा जन्मकाळ ध्यानात घेण्याजोगा आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनने जाहिराती स्वीकारण्यास प्रारंभ केला. तत्पूर्वी जाहिरातपट दाखविण्याची जागा म्हणजे चित्रपटगृह; मूळ खेळापूर्वी आणि मध्यंतरात दंतमंजन, साबण, कापड यांची छोटी चित्रे झळकत. दूरदर्शनमुळे या छोट्या चित्रांस दुसरे दार उघडले. १९८२ मध्ये रंग आला, १९८४ मध्ये ‘हम लोग’पासून प्रायोजित मालिकांची रीत पडली, आणि जाहिरातपटांची मागणी झपाट्याने वाढली. मोठ्या रसायनशाळांस हे काम किरकोळ वाटे. पस्तीस मिलिमीटरची फीत मिनिटास नव्वद फूट या वेगाने धावते. त्या हिशेबाने अडीच तासांच्या चित्रपटास साडेतेरा हजार फूट फीत लागते, तर तीस सेकंदांच्या जाहिरातीस अवघी पंचेचाळीस फूट. पंचेचाळीस फुटांसाठी रसायनांची टाकी कोण अडवून ठेवणार? परंतु जाहिरातदारास घाई असते, रंगाविषयी तो अत्यंत चोखंदळ असतो (साबणाच्या वेष्टनाचा हिरवा रंग पडद्यावर तसाच हिरवा दिसला पाहिजे), आणि मुख्य म्हणजे चित्रपटनिर्मात्याच्या मानाने तो पैसे वेळेवर देतो. मोठ्यांनी किरकोळ मानलेल्या या कामावर एक संपूर्ण शाळा उभी राहू शकते, हे ओळखणे हीच शेट्टी यांची पहिली व्यावसायिक सूझ म्हणावी लागेल.

रसायनशाळेच्या कामाचे स्वरूप थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण ती पिढी आता सरली. चित्रण झालेली निगेटिव्ह अंधारात रसायनांच्या टाक्यांतून जाई. तापमानात अर्ध्या अंशाचा फरक पडला तरी रंग बिघडे. ती धुऊन, वाळवून झाली की तिच्यावरून प्रिंट काढीत. प्रत्येक दृश्याच्या रंगाचा तोल निरनिराळा, म्हणून रंग जुळविणारा अनुभवी माणूस दृश्यामागून दृश्य पाहून तांबड्या, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे प्रमाण ठरवी. फीत स्थिर करण्याच्या द्रावणात चांदी उतरे, तीही परत मिळवून विकण्यात येई. एकंदरीत हा धंदा अर्धा कलेचा आणि अर्धा कारखान्याचा होता.

प्रभात किंवा राजकमल यांसारख्या संस्थांच्या काळी रसायनशाळा ही स्टुडिओचेच एक दालन असे. १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यास आलेल्या प्रभातने चित्रीकरण, ध्वनी, धुलाई आणि जुळणी एकाच आवारात केली. ती व्यवस्था मोडली. प्रभात १९५३ मध्ये बंद पडली, आणि निर्माता नावाचा नवा, बहुधा स्वतःचे भांडवल नसलेला मनुष्य भाड्याने सारे घेऊन चित्रपट काढू लागला. या नव्या व्यवस्थेत रसायनशाळेस एक असे महत्त्व आले की ज्याची चित्रपटाच्या इतिहासात फारशी दखल घेतली जात नाही. निर्माता सावकाराकडून पैसे घेई. सावकारास तारण हवे. निर्मात्यापाशी दाखविण्यासारखे एकच, ते म्हणजे निगेटिव्ह, आणि ती असे रसायनशाळेच्या थंड कोठारात. मग निर्माता रसायनशाळेस पत्र देई की अमुक अमुक सावकाराचे येणे चुकते झाल्याखेरीज प्रिंट बाहेर जाऊ देऊ नये. धंद्यात त्यास ‘लॅब लेटर’ म्हणत. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री निर्माता, वितरक आणि सावकार यांची गर्दी रसायनशाळेच्या कचेरीत उसळे, देणीघेणी भागत, आणि मग डबे बाहेर पडत. रसायनशाळेचा मालक हा अशा रीतीने चित्रपटधंद्याचा एक प्रकारचा रखवालदार झाला. चित्र हे वजनदार, हाती धरता येणारे, कुलपात ठेवता येणारे द्रव्य होते, म्हणूनच त्यावर कर्ज मिळत असे.

शेट्टी या रखवालीच्या जागी बसले होते, आणि कोणता निर्माता बुडतो, कोणता तरतो हे त्यांना तेथून दिसत होते. हे पाहूनही ते स्वतः निर्मितीत उतरले. प्रदीप उप्पूर यांच्यासह त्यांनी काढलेला ‘अर्धसत्य’ (१९८३) हा गोविंद निहलानी यांचा चित्रपट सर्वश्रुत आहे, श्री. दा. पानवलकर यांची मराठी कथा, विजय तेंडुलकर यांची पटकथा आणि ओम पुरी यांचा अभिनय यांचा तो संयोग होता. उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला. त्यानंतर प्रकाश झा यांचा ‘हिप हिप हुर्रे’ (१९८४) आणि निहलानी यांचाच ‘आघात’ (१९८५) आले. मराठी साहित्याच्या अभ्यासकांनी पानवलकरांच्या कथेचे पडद्यावर काय झाले याची चर्चा पुष्कळ केली आहे. तो चित्रपट ज्यांच्या पैशावर निघाला त्यांपैकी एकाची मिळकत साबण-दंतमंजनांच्या पंचेचाळीस फुटी फितींवर उभी होती, ही बाजू मात्र चर्चेत येत नाही. समांतर चित्रपटाचे अर्थशास्त्र एखाद्याने कधी नीट लिहिलेच, तर शासकीय महामंडळाइतकेच जाहिरातपटांच्या रसायनशाळेसही त्यात स्थान द्यावे लागेल.

पुढे अ‍ॅडलॅब्जचे मोठे आवार गोरेगावच्या चित्रनगरीत झाले. चित्रनगरी ही राज्यशासनाने १९७७ मध्ये स्थापन केलेली. जाहिरातपटांबरोबर पूर्ण लांबीचे चित्रपटही आता येथे धुतले जाऊ लागले, आणि नाव जरी ‘अ‍ॅड’चे राहिले तरी काम त्याबाहेर गेले. नावाचा अर्थ आणि वस्तूचा अर्थ यांची फारकत येथे प्रथम दिसते. २००१ मध्ये मुंबईस वडाळ्याच्या भक्ती पार्कमध्ये अ‍ॅडलॅब्जने घुमटाकार पडद्याचे आयमॅक्स चित्रपटगृह उघडले. आयमॅक्सची फीत सत्तर मिलिमीटरची, आडवी धावणारी, आणि तिची एकेक चौकट साध्या पस्तीस मिलिमीटरच्या चौकटीच्या अनेक पट मोठी. चित्र जितके मोठे करता येईल तितके करावे, प्रेक्षकाने त्यासाठी घर सोडून आले पाहिजे, असा हा विचार होता. त्याच सुमारास कंपनीचे भाग शेअरबाजारात आले.

यानंतर २००५ हे वर्ष येते. या एका वर्षी, एकमेकांशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्या चार गोष्टी घडल्या. अमेरिकेत फेब्रुवारीत यूट्यूबची स्थापना झाली. तेथेच आंतरजालावरील जाहिराती पोहोचविणारी डबलक्लिक ही कंपनी हेलमन अँड फ्रीडमन या गुंतवणूक संस्थेने विकत घेतली. मुंबईस शेट्टी यांनी अ‍ॅडलॅब्जमधील नियंत्रक हिस्सा अनिल अंबानी यांच्या रिलायन्स समूहास विकला. आणि खालापूर तालुक्यात, चौक-कर्जत रस्त्यावर, कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी सुमारे ५२ एकरांवर आपला एन. डी. स्टुडिओ सुरू केला. एका बाजूस चित्राचे वजन नाहीसे होत होते. दुसऱ्या बाजूस चित्रासाठी जमीन घेतली जात होती.

वजन नाहीसे होण्याची क्रिया कशी घडली, हे पाहण्यास नील मोहन यांची कारकीर्द शेट्टी यांच्या शेजारी ठेवावी. भारतीय आईबापांच्या पोटी १९७३ मध्ये अमेरिकेतील इंडियाना राज्यात जन्मलेल्या मोहन यांच्या शालेय जीवनातील काही वर्षे लखनौस गेली. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकून ते १९९७ मध्ये नेटग्रॅव्हिटी या आंतरजाल-जाहिरातीच्या लहान कंपनीत गेले. ती १९९९ मध्ये डबलक्लिकने घेतली. डबलक्लिक २००८ मध्ये ३.१ अब्ज डॉलरांस गूगलकडे गेली; मोहन तिच्याबरोबर गूगलमध्ये आले, तेथे चित्रफितींच्या व अन्य दृश्य जाहिरातींचे प्रमुख झाले, २०१५ मध्ये यूट्यूबमध्ये गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सुझन वोजिस्की यांच्या जागी यूट्यूबचे मुख्य अधिकारी झाले. या वाटचालीत कंपनी दोनदा दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, पण कोठेही टाकी नाही, कोठार नाही, फीत नाही. जाहिरात पाहणारा मनुष्य पान उघडतो तेवढ्या क्षणार्धात त्याच्यासमोरील मोकळ्या जागेचा लिलाव होतो, आणि जो जाहिरातदार जास्त बोली लावील त्याचे चित्र तेथे येते. शेजारच्या मनुष्यास त्याच वेळी दुसरेच चित्र दिसते. ‘जाहिर’ या शब्दातील सर्वांस एकदम उघड करण्याचा भाव येथे उरत नाही. ही जाहिरात एकेकाच्या कानात सांगितली जाते. तिच्या उत्पन्नातील वाटा चित्रफीत घालणाऱ्यास मिळतो (यूट्यूबवरील लांब चित्रफितींच्या बाबतीत तो ५५ टक्के आहे), परंतु तो निगेटिव्हवर मिळत नाही, पाहिले गेल्यावर मिळतो. लॅब लेटरास या व्यवस्थेत स्थान नाही, कारण अडवून धरावयास काही वस्तूच नाही.

रसायनशाळांचा अंत यापासून दूर नव्हता. चित्रपटगृहांत उपग्रहाद्वारे चित्रपट पाठविण्याची पद्धत भारतात याच दशकात रूढ झाली, कॅमेरेही फिल्मचे राहिले नाहीत. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचे संरक्षण मागितले, फूजीने २०१३ मध्ये चित्रपटाची फीत बनविणे थांबविले. शेट्टी यांनी २००५ मध्येच हिस्सा विकला यास दूरदृष्टी म्हणावे की योगायोग, यावर मतभेद संभवतो. विक्रीनंतर त्यांनी जे केले त्यावरून मात्र असे दिसते की चित्राचा धंदा आता फितीवर राहणार नाही हे त्यांनी जाणले होते. २००९ मध्ये जुन्या कंपनीने अ‍ॅडलॅब्ज हे नाव टाकून रिलायन्स मीडियावर्क्स असे नाव घेतले. टाकलेले नाव शेट्टी यांच्या नव्या कंपनीने धारण केले : अ‍ॅडलॅब्ज एन्टरटेन्मेंट. या कंपनीत जाहिरातही नव्हती आणि रसायनशाळाही नव्हती. अर्थ लोपल्यावर नाव टिकून राहते, हे स्थलनामांच्या अभ्यासकांस नवे नाही; परंतु तीसेक वर्षांच्या अवधीत, एकाच माणसाच्या हातून, हे इतके उघडपणे घडल्याचे उदाहरण विरळा.

नव्या कंपनीने खालापूर तालुक्यात सुमारे तीनशे एकर जमीन मिळविली आणि तिच्या एका भागावर एप्रिल २०१३ मध्ये इमॅजिका उघडले. खर्च सुमारे १,६०० कोटी रुपये. जागेच्या निवडीचे कारण महामार्ग होय. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पुरा खुला झाला, आणि खालापूरचे नाव कोट्यवधी प्रवाशांस पथकराच्या नाक्यामुळे परिचित झाले. दोन महानगरांतून सकाळी निघून संध्याकाळी परत जाता येईल असे स्थान एका बाजूस. दुसऱ्या बाजूस खोपोली-पाली रस्ता, ज्यावरून महडच्या वरदविनायकाचे व पालीच्या बल्लाळेश्वराचे यात्रेकरू पूर्वीपासून ये-जा करीत. माणसे थांबवून तिकीट घ्यावयास लावणे एवढेच नवीन होते.

उद्यानात काय ठेवले होते ते पाहिले म्हणजे शेट्टी यांच्या मनातील हिशेब उलगडतो. तेथे नायट्रोसारखे पोटात गोळा आणणारे पाळणे होतेच; पण त्याखेरीज १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटावर बेतलेली हलत्या आसनांची सफर होती, भव्य पडद्यासमोर अधांतरी बसवून भारताचे विहंगमदर्शन घडविणारी ‘आय फॉर इंडिया’ होती, अलिबाबाच्या गुहेत प्रेक्षकास नेम धरावयास लावणारा खेळ होता. ही सारी चित्रेच. भेद इतकाच की ती तारेवरून पाठविता येत नाहीत. चित्राबरोबर आसन हलते, तोंडावर पाण्याचे तुषार येतात, आणि त्यासाठी शरीर तेथे हजर असावे लागते. जे चित्र घरी पोहोचते त्याची किंमत शून्याकडे जात असताना, जे घरी पोहोचू शकत नाही असे चित्र निर्माण करावयाचे, असा हा विचार दिसतो. वडाळ्याच्या घुमटात तो बीजरूपाने होताच.

येथे एका उलट उदाहरणाची आठवण होते. सुभाष चंद्र यांनी १९८९ मध्ये गोराईस एस्सेलवर्ल्ड उघडले आणि त्यानंतर तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, झी वाहिनी सुरू केली. ते उद्यानातून चित्राकडे गेले. शेट्टी चित्राकडून उद्यानात आले. ज्या काळी उपग्रह वाहिन्यांस मोकळे आकाश होते त्या काळी जमिनीवरून आकाशाकडे जाणे लाभाचे ठरले, हे निकालावरून स्पष्टच आहे.

इमॅजिकाचा निकाल तसा लागला नाही. उद्यानाचा खर्च हा बहुतांशी स्थिर असतो. प्रेक्षक शंभर आले काय आणि दहा हजार आले काय, पाळण्यांची निगा, वीज, नोकरवर्ग आणि व्याज ही चुकत नाहीत. त्यात कोकणपट्टीचा पाऊस चार महिन्यांचा. २०१४ मध्ये जलक्रीडा विभाग, २०१५ मध्ये हॉटेल, २०१६ मध्ये कृत्रिम बर्फाचे दालन अशी भर पडत गेली, आणि प्रत्येक भरीबरोबर भांडवलही गुंतत गेले. मार्च २०१५ मध्ये कंपनीने लोकांस भाग विकावयास काढले तेव्हा मागणी पुरेशी न आल्याने किंमत उतरवून मुदत वाढवावी लागली. उद्यानास न लागणारी जमीन विकून कर्ज हलके करण्याचा मनसुबा कंपनीने वेळोवेळी मांडला. मार्च २०२० मध्ये साथीमुळे दारे बंद झाली, आणि शरीर हजर असण्यावर ज्याचे सारे गणित त्या धंद्यास शरीरानेच येण्याची मनाई झाली. जे कधी काळी दुसऱ्यांच्या तारणाचे रखवालदार होते, ते आता स्वतः तारण देणारे होते. फरक असा की निगेटिव्हचा डबा प्रदर्शनाच्या आदल्या रात्री सोडवून नेता येई. तीनशे एकर आणि त्यावरील पोलादी पाळणे सोडवून नेण्याजोगे नव्हते.

अखेर २०२२ मध्ये बँकांनी कर्जाची तडजोड स्वीकारली आणि संगमनेरच्या मालपाणी समूहाने ४१५ कोटी रुपये घालून नियंत्रण घेतले. त्यापूर्वीच कंपनीने अ‍ॅडलॅब्ज हे नाव सोडले होते आणि ‘इमॅजिकावर्ल्ड’ हे नाव घेतले होते, ज्याच्या रोमन लेखनात एक ‘ए’ अधिक आहे. तो उच्चारात कोठे ऐकू येत नाही आणि देवनागरीत तर लिहिताही येत नाही. मालपाणी यांचे मूळ नाव महाराष्ट्राच्या खेडोपाडी ज्या चिन्हाने पोहोचले ते ‘गाय छाप’ तंबाखूच्या पुडीवरचे गाईचे चित्र. शिर्डी आणि लोणावळा येथे त्यांची जलोद्याने आधीपासून चालू होती. हलत्या चित्रांच्या जाहिरातीतून जन्मलेल्या कंपनीचा वारसा पुडीवरच्या स्थिर चित्रातून वाढलेल्या घराण्याकडे गेला, यात जाहिरातीच्या इतिहासकारास मौज वाटल्यावाचून राहणार नाही.

दुसऱ्या उद्योगाची हकीकत मात्र मौजेची नाही. नितीन देसाई हे जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. ‘१९४२ : अ लव्ह स्टोरी’ने त्यांचे नाव झाले, कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना चार वेळा मिळाला, त्यांत ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘लगान’ आणि ‘देवदास’ हे चित्रपट आहेत. चौकजवळ त्यांनी उभारलेल्या स्टुडिओस जनमानसात ‘कर्जतचा स्टुडिओ’ म्हणतात, कारण मुंबईकरास कर्जत हे रेल्वेस्थानक ठाऊक; जागा खालापूर तालुक्याच्या हद्दीत आहे. ‘जोधा अकबर’ (२००८) याचे किल्लेमहाल येथे उभे राहिले, ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिका येथे घडली, ‘बालगंधर्व’ (२०११) या चित्रपटाचे ते स्वतः निर्माते होते. प्रभातचे आवार मोडल्यावर सुमारे पाच दशकांनी एका मराठी कलावंताने पुन्हा सारे एका छत्राखाली आणण्याचा यत्न केला, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. प्रभातच्या काळी आवारात रसायनशाळा होती, येथे तिची गरज उरली नव्हती; येथे होते ते प्लास्टर, लाकूड, फायबरचे महाल आणि त्यांखालची जमीन.

तीच जमीन तारण झाली. २०१६ आणि २०१८ मध्ये घेतलेले सुमारे १८० कोटींचे कर्ज व्याजासह २५२ कोटींवर गेले. मे २०२१ मध्ये स्टुडिओत आग लागली. साथीच्या काळात चित्रीकरणे थांबली, आणि ती पुन्हा सुरू झाली तेव्हा घरबसल्या पाहण्याच्या मालिकांस अकबराचे दरबार लागत नव्हते. जुलै २०२३ च्या अखेरीस राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची कार्यवाही दाखल करून घेतली. १ ऑगस्ट रोजी अपील फेटाळले गेले. २ ऑगस्ट रोजी देसाई यांनी स्टुडिओतच आपली जीवनयात्रा संपविली. ते सत्तावन्न वर्षांचे होते. त्याच पंधरवड्यात, १९ जुलैच्या रात्री, चौकपासून जवळच इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी दरडीखाली गेली होती, आणि तालुक्याचे नाव दोनदा, दोन निराळ्या शोकांनी, देशभरच्या पडद्यांवर आले. या प्रकरणी पोलिसांनी केलेला तपास आणि न्यायालयातील वाद हा प्रस्तुत विषयाचा भाग नव्हे.

इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे की शेट्टी आणि देसाई यांच्या उद्योगांत स्वभावाचे, शिक्षणाचे, भांडवलाचे एवढे अंतर असूनही दोघांचे कर्ज एकाच वस्तूवर टेकले होते. चित्र फितीवर होते तोवर सावकार डब्यावर विश्वास ठेवी. चित्र अदृश्य झाले तेव्हा विश्वासास दुसरी दृश्य वस्तू लागली, आणि ती खालापूरच्या भूमीत सापडली. आंतरजालावरील चित्रव्यवसायास हे ओझे नाही असे म्हणतात. ते पुरते खरे नाही, कारण त्याचेही ओझे कोठेतरी यंत्रगृहांत आणि वीजकेंद्रांत आहे. परंतु ते एका माणसाच्या नावावर नसते. सांगडेवाडीचे आणि चौकचे होते.

इमॅजिका चालू आहे. सुटीच्या दिवशी द्रुतगती मार्गावरून खोपोलीकडे वळणाऱ्या बसगाड्यांत शाळांच्या सहली असतात. एन. डी. स्टुडिओ २०२५ च्या आरंभी राज्यशासनाच्या चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आला. गोरेगावची चित्रनगरी, जिच्या आवारात अ‍ॅडलॅब्जच्या रसायनटाक्या होत्या, ती चालविणारे महामंडळ हेच होय.